बरकतीचा मुद्दा

मी कॉलेजात का गेले याचं खरं उत्तर आमच्या मेंढ्यांना विचारावं लागेल, आणि त्या तर बहात्तरच्या दुष्काळात गेल्या. साठातल्या चाळीस चाऱ्यावाचून मेल्या. उरलेल्या वीस दादा बार्शीच्या बाजाराला घेऊन गेले आणि मातीमोलानं विकून रिकाम्या हातानं, खाली मान घालून परत आले. दादा म्हणजे माझे वडील, महारुद्र. घरात मेंढी राहिली नाही, म्हणजे मेंढ्यांमागं फिरायला माणूसही नको. ते माणूस मी होते. बांधावर पुस्तक आणि बांधापलीकडं मेंढ्या अशी मी मॅट्रिक झाले होते, आणि आता एकदम रिकामी.

आमच्या घरात आजीचं नाव म्हाळसाबाई आणि आईचं बानूबाई. खंडोबाची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. देवाला दोन बायकांनी जेवढा घोर लावला, तेवढाच या सासू-सुनेनं माझ्या वडलांना लावला होता. पण त्या उन्हाळ्यात एका गोष्टीवर दोघींचं एकमत झालं, की रिकामी अयोध्या, म्हणजे मी, घरात नको. मी बसल्या बसल्या बोलायचे, बोलता बोलता भांडायचे आणि भांडण संपलं की भूक लागली म्हणायचे.

शेजारच्या वस्तीतली चांगुणा भूमच्या कॉलेजात निघाली होती. तिचे वडील तात्याराव एस.टी.त कंडक्टर. पोरीला गाडीत बसवायचं आणि संध्याकाळी उतरवून घ्यायचं, एवढी सोय घरातच होती. दुष्काळी गावच्या पोरांना फी माफ होती. आजी म्हणाली, "जा चांगुणासंगं. पर एक ध्यानात ठेव. मेंढपाळ संस्थेकडनं सरकारी मेंढ्या यायच्या हैत. त्या आल्या की वह्या-पुस्तकं माळ्यावर आन् तू माळावर."

मी 'व्हय' म्हणाले. त्या वेळी मला वाटलं होतं, सरकारी मेंढ्या आहेत, चालत चालत यायला दहा वर्षं लागतील.

कॉलेज भरायचं एका जुन्या गोदामात. पुढच्या अर्ध्यात आम्ही आणि मागच्या अर्ध्यात दुष्काळी वाटपाच्या सुकडीची, म्हणजे गोड खमंग पिठाची, पोती. मधे पत्र्याचा आडोसा. बाकी विषयांचे सर पुस्तक उघडायचे आणि वाचायला लागायचे. पण एक तास असा होता की त्याला पुस्तकच नव्हतं. वेळापत्रकात त्याचं नाव 'सामान्य शिक्षण'. आम्ही त्याला 'जनरल' म्हणायचो. त्यात पास व्हावं लागे, पण क्लास ठरवताना त्याचे मार्क धरत नसत, म्हणून निम्मी पोरं त्या तासाला चहाला जायची. हॉटेलात बसायची सोय मुलींना नव्हती, म्हणून चांगुणाच्या आणि माझ्या पदरात ज्ञान पडलं.

जनरल शिकवायला बिराजदार सर होते, उमरग्याकडचे. मराठी बोलता बोलता त्यांचं कानडी मधेच डोकं वर काढायचं. पहिल्याच दिवशी काहीतरी समजावून ते म्हणाले, "तिळीता?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. मागच्या बाकावरच्या बिभीषणानं हात पुढं केला. जून महिन्यात सर तीळ का वाटायलेत हे त्याला कळलं नव्हतं, पण मिळत असतील तर तो सोडणार नव्हता. 'तिळीता' म्हणजे 'कळलं का', हे आम्हाला तिसऱ्या दिवशी तिळीलं.

त्याच तासाला सरांनी कागदाचे तुकडे वाटले आणि म्हणाले, "कॉलेजात का आलात, एका ओळीत लिहा. खरं लिहा. खोटं मला वर्षभर ऐकायचंच आहे."

मग त्यांनी नाव न सांगता एकेक चिठ्ठी वाचली. एकानं लिहिलं होतं, 'खडी फोडण्यापेक्षा बाक बरा.' एकानं, 'साखर कारखाना निघाला की क्लार्क व्हायला बी. ए. लागेल असं मामा म्हणतो.' एकानं, 'बी. ए. नापासालासुद्धा सोयरीक चांगली येते.' पुढची होती, 'सुकडीचा वास येतो म्हणून.' यावर सगळ्यांनी माना वळवून बिभीषणाकडं बघितलं आणि तो छताकडं बघायला लागला. एका चिठ्ठीवर होतं, 'आमच्यात का शिकतेस असं कुणी विचारत नाही, का शिकत नाहीस असं विचारतात.' ती चांगुणाची होती. सरांनी ती दोनदा वाचली. शेवटी माझी आली, 'मेंढ्या नाहीत म्हणून आले.' वर्ग इतका हसला की आडोशामागची सुकडीची उंदरंसुद्धा पळाली. सर हसले नाहीत. सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि म्हणाले, "मार्चमध्ये परत देतो."

जनरलला काय शिकवायचे विचाराल, तर काय नाही शिकवायचे! वीज आधी दिसते आणि गडगडाट मागनं का येतो, दूध का विरजतं, तहसीलदाराच्या वर कोण आणि त्याच्या वर कोण, पेपरातली बातमी कुठली आणि जाहिरात कुठली. दादांनी एकदा विचारलं, "काय शिकायलीस गं तिथं?" मी म्हणाले, "जनरल." दादांनी हा शब्द आयुष्यात एकदाच ऐकला होता, मेंढपाळ संस्थेच्या जनरल बॉडीत. झालं! दुसऱ्या दिवशी पाझर तलावाच्या कामावर त्यांनी सांगून टाकलं, "आमची आयोध्या जनरल बॉडीचं शिकायली."

दादा त्या कामावर मुकादम होते. नाव महारुद्र असलं तरी माणूस इतका गरीब, की घरात चहाला साखर कमी पडली तरी स्वतःशीच बोलायचे. पण मुकादम झाल्यावर त्यांना पितळी शिट्टी मिळाली होती आणि ती वाजली की शे-दीडशे माणूस हातातलं टाकून हजेरीला रांगेत उभं राहायचं. जन्मात ज्याचं कुणी ऐकलं नाही त्याचं आता शंभर जण ऐकत होते. रात्री ते शिट्टी उशाला घेऊन झोपत.

ऑगस्टात बिराजदार सरांनी सभा कशी चालते हे शिकवायला वर्गाचीच सभा भरवली. विषय होता गोदामातल्या उंदरांचा बंदोबस्त. अध्यक्ष मी. सर म्हणाले, "अध्यक्ष, आधी गणपूर्ती झाली का बघा."

मी रुबाबात उत्तर दिलं, "सर, गणपती अजून पंधरा दिवसांवर हाय. मोदकाचं मागनं बघू."

यावर जे हसू झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तो शब्दही. गण म्हणजे माणसं, पूर्ती म्हणजे पुरेपूर. सभेला ठरलेली माणसं पुरी आली की गणपूर्ती. सर म्हणाले, "नाही आली तर? तर सभा तहकूब. अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरते, आणि आता गणपूर्ती लागत नाही. चार असले तर चार. ते ठरवतील ते सगळ्यांना लागू. तिळीता?"

आम्हाला तिळीलं नाही, म्हणून त्यांनी करून दाखवलं. पोरं चहाला गेली होती. आम्ही चौघं उरलो होतो. अर्धा तास थांबलो, तहकूब सभा भरवली आणि एकमतानं ठराव केला की सगळे उंदीर बिभीषणानं धरावेत. तो मिशा पुसत आत आला तेव्हा सरांनी त्याला ठराव वाचून दाखवला.

"म्या नव्हतो की!" बिभीषण ओरडला.

"म्हणूनच," सर म्हणाले.

तीन दिवस बिचारा पिंजरा घेऊन फिरत होता. मी इतकी हसले की परतीच्या गाडीत तात्यारावांनी मला पाणी पाजलं.

आणि गणपतीच्या तोंडावरच त्या मेंढ्या आल्या. म्हणजे यायच्या ठरल्या. आमच्या मेंढपाळ सहकारी संस्थेला चारशे मेंढ्या मंजूर झाल्या. वीस घरांना वीस-वीस मेंढ्या आणि एकेक नर. कुणाला द्यायच्या ती यादी जनरल बॉडीत मंजूर व्हायची होती. चेअरमन आबाराव. सभा पचवण्यात या माणसाचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. कोतवालानं गावात हाळी दिली, सभा बाजाराच्या दिवशी चार वाजता शाळेत, आणि 'गणपूर्ती न झाल्यास' असं काहीबाही.

त्या दिवशी मी आणि चांगुणा चारच्या गाडीनं गावात उतरलो. बाजाराचा दिवस म्हणून तलावाच्या कामाला सुट्टी होती, तरी पारावर माणूस नाही, गल्लीत माणूस नाही. शाळेच्या दाराशी चपलांचे पाच जोड होते. आत आबाराव, त्यांचा सचिव आणि तीन मेव्हणे. फळ्यावर खडूनं 'सर्वसाधारण सभा' लिहिलेलं. आबाराव घड्याळाकडं बघत निवांत सुपारी कातरत होते.

"गाव कुठं गेलं?" मी दाराबाहेर झाडणाऱ्या कोतवालाला विचारलं.

"वढ्याला," तो हसत म्हणाला. "समदे चिंचंखाली दडून बसलेत. गणपतीच्या वर्गणीची सभा हाय म्हणून. म्या हाळीत गणपती म्हनलो न्हाई बरं का, कागदावर हुतं तेच म्हनलो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आबाराव वाट बघत होते ते माणसं येण्याची नव्हे, साडेचार वाजण्याची. यादीत कुणाची नावं असणार हेही उघड होतं. थोरल्या मेव्हण्याचं लातुरात सायकलचं दुकान, मधल्याला मेंढीच्या वासानं शिंका येत, आणि धाकटा तर कुत्रं भुंकलं तरी बाजेवर चढायचा.

आता खरं सांगते, लपवत नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की गप्प बस. गप्प घरी जा, भाकरी खा. मेंढ्या मेव्हण्यांना गेल्या की तुझं कॉलेज वाचलं. उद्या जनरलचा तास आहे, ग्रहणाचा. नुसतं तोंड मिटायचं होतं, जे मला जन्मात जमलं नव्हतं. चांगुणाला सगळं कळत होतं. ती म्हणाली, "आयोध्ये, तू ठरव. म्या कुणाला काय सांगणार न्हाई."

मी घराकडं दोन पावलं टाकलीही. पण मला आजी आठवली. मेंढ्या जाऊन वर्ष होत आलं, तरी ती रोज पहाटे उठून रिकाम्या मेंढवाड्याचं काटेरी फाटक उघडायची. फाटक धरून थोडा वेळ उभी राहायची, जणू एकेक मेंढी पायाशी घसटून बाहेर चालली आहे, आणि मग ते लावून घ्यायची. कुणी बघत नाही असं तिला वाटायचं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी दप्तर चांगुणाच्या हातात दिलं आणि ओढ्याकडं धूम ठोकली.

"आरं गणपती न्हाय, गणपूर्ती!" मी लांबूनच ओरडले.

चिंचेखालच्या चाळीसेक माणसांनी माना आणखी खाली घातल्या. एक जण म्हणाला, "बगा, वर्गणीला आता पोरी धाडायलेत."

मी धापा टाकत सांगितलं. गण म्हणजे काय, पूर्ती म्हणजे काय, अर्ध्या तासाची भानगड काय. कुणाच्या तोंडावरची माशी हलली नाही. शेवटी मी बिभीषणाच्या उंदरांची गोष्ट सांगितली. ती मात्र लगेच कळली.

"म्हंजे आमी हितं दडलाव," दादा सावकाश म्हणाले, "आन् मेंढ्या मेव्हण्याच्या?"

"व्हय दादा. आन् साडेचार वाजत आलेत."

सगळे एकदम बोलायला लागले. कोण म्हणे आधी पाटलाला विचारू, कोण म्हणे धोतर बदलून येतो. दादांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि गळ्यातली शिट्टी तोंडात धरून जोरात फुंकली. काय सांगू! सहा महिन्यांची सवय. चाळीस माणसं तोंडातलं वाक्य तोंडातच ठेवून उठली आणि रांगेत उभी राहिली. बायका एका बाजूला, गडी एका बाजूला. दादांनी दुसरी शिट्टी मारली आणि रांग शाळेकडं चालू लागली. वाटेत आजीला घरातून उचलली. तिच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं.

शाळेत तहकूब सभा नुकतीच भरली होती. सचिव यादीतलं चौथं नाव वाचत होता. दारातून रांग आत येतच राहिली, येतच राहिली, आणि आबारावांच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"आता कशाला आलाव?" ते म्हणाले. "सभा तहकूब झाली."

"तहकूब झालेलीच पुन्हा भरलीय," मी म्हणाले. "हिला गणपूर्ती लागत न्हाय, पर आलेल्या सभासदाला मत हाय. आमचा हरकतीचा मुद्दा हाय."

आबारावांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू सभासद हैस का? न्हाईस. सभासद नसल त्यानं बोलायचं न्हाई."

नियम खरा होता. सरांनीच शिकवला होता. मी ओठ दाबून खाली बसले, आजीच्या मागं. सभासद आजी होती, मेंढ्या तिच्या नावावर असायच्या. मी तिच्या कानात कुजबुजले, "उभी ऱ्हा आन् म्हण, हरकतीचा मुद्दा." पण घाईत मी डाव्या कानाशी बसले होते, आणि तो तिचा बारीक ऐकणारा कान नव्हता.

आजी उठली. पिठाचा हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चेअरमनसाहेब, माझा बरकतीचा मुद्दा हाय!"

सगळी शाळा दणाणली. "बरोबर हाय! म्हातारीचा बरकतीचा मुद्दा! बोला म्हाळसाबाई!" हरकत कुणाला ठाऊक नव्हती. बरकत कुणाला नको असते? मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच मिटलं.

आजी म्हणाली, "ज्याच्या मेंढ्या दुष्काळात मेल्या, त्याला आधी मेंढ्या. ज्याला लेंडी कंची आन् शेंगदाना कंचा ते कळत न्हाई, त्याच्या दारात त्या कशापायी बांधताव? मुकी जनावरं हैत. बरकत कशी यायची?"

मत घेतलं. आजीच्या बाजूनं एकेचाळीस हात वर झाले, मग बेचाळिसावा. तो धाकट्या मेव्हण्याचा होता. "माझं नाव काढा म्हाळसाबाई," तो हात जोडून म्हणाला, "म्या दाजीला आधीच सांगत हुतो." आबाराव जुना गडी. वारं फिरलं की त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "माझं बी तेच म्हणणं हुतं." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवी यादी तिथंच झाली. पहिलं नाव म्हाळसाबाईचं.

सचिवानं छापील फॉर्म पुढं ओढला. नाव, गाव, मेंढ्या वीस, नर एक. मग एका रकान्यावर पेन थांबलं. "मेंढ्या राखणाराचं नाव?"

माझं हसू थांबलं. हे मी विसरलेच होते. आजीनं वळून माझ्याकडं बघितलं. ती वाईट नव्हती, पण आईचे गुडघे गेलेले, तिचे स्वतःचे डोळे गेलेले, आणि मी धडधाकट. तिनं तोंड उघडलं. मी दाराजवळ उभ्या चांगुणाच्या हातातल्या माझ्या दप्तराकडं बघितलं आणि त्याकडंच बघत राहिले.

"म्हारुद्र लिवा," दादा म्हणाले.

"आरं, तू मुकादम हैस की," आबाराव म्हणाले. "ते काम सोडणार? शिट्टी परत द्यावी लागंल."

दादांनी शिट्टी मुठीत धरली. अंगठ्यानं एकदा पुसली. मग ती गळ्यातून काढली आणि सचिवाच्या फॉर्मवर ठेवली.

"म्या जातो मेंढरामागं," ते म्हणाले. "पोरगी जनरलला हाय."

आयुष्यात दादा भर सभेत एवढंच बोलले. मला जोरात रडू आलं, आणि त्या दिवशी मात्र कुणावर राग आला नाही.

मेंढ्या दिवाळीला आल्या. चालतच आल्या. शिट्टी नव्हती, म्हणून दादा दोन बोटं तोंडात घालून वाजवायचे, आणि त्या नव्या मेंढ्या कुठल्या रांगेत उभ्या राहायला! त्या चारी दिशांना पळायच्या आणि दादा त्यांच्यामागं. संध्याकाळी दमून आले की ते विचारायचे, "आज काय झालं जनरलला?" मी ग्रहण सांगायचे, विरजण सांगायचे, आणि ते पायाचे काटे काढत 'हां, हां' म्हणायचे. फाटक आता आजी दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत उघडायची.

मार्चमध्ये बिराजदार सरांनी तो बिस्किटाचा डबा काढला आणि ज्याची चिठ्ठी त्याला दिली. "कारण तेच असेल तर तसंच ठेवा," ते म्हणाले, "बदललं असेल तर दुरुस्त करा." बिभीषणानं 'सुकडीचा' खोडलं आणि खूप वेळ पेन चावत बसला.

माझी चिठ्ठी मी उघडली. 'मेंढ्या नाहीत म्हणून आले.' दोनच शब्द खोडावे लागले. सरांनी ती हातात घेऊन वाचली, आणि या खेपेला तेच हसले.

'मेंढ्या आहेत, तरी आले.'